काकांचा गुडघा आणि माझे अडतीस मार्क

बारावीत मला फिजिक्समध्ये अडतीस मार्क पडले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरात माझी ओळख याच वाक्यानं करून दिली जायची. केमिस्ट्रीत सत्तेचाळीस होते आणि बायोलॉजीत चक्क सदुसष्ट, पण ते सदुसष्ट कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. पेणला आमची पोह्यांची गिरण होती. पुढे घर, मागे गिरण. सकाळी यंत्र सुरू झालं की फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायला लागत ते संध्याकाळी दिवे लागेपर्यंत. भाजलेल्या भाताचा वास उशीपर्यंत पोचलेला असे आणि कोंडा तर आंघोळ करून आलं तरी कानात सापडायचा. पाहुणे आले की आई उपमा करायची. पोहे हा आमचा माल होता, माल कुणी ताटात वाढतं का? आम्ही मात्र तेच खायचो: सकाळी दुधात, दुपारी ताकात, आणि चाळणीखाली उरलेला चुरा रात्री फोडणी देऊन. घरात सगळेच ओरडून बोलायचे, कारण त्याशिवाय ऐकूच यायचं नाही. मी आजही तशीच बोलते. नवीन पेशंटला पहिले दोन दिवस वाटतं, बाई आपल्यावर चिडल्यात.

निकालाच्या दिवशी या सवयीनं माझा घात केला. मी गुणपत्रिका घेऊन मागच्या दारानं आत शिरले. अण्णा, म्हणजे माझे वडील, यंत्राजवळ उभे राहून पोहा दोन बोटांत चुरून बघत होते. "किती?" त्यांनी विचारलं. मी हळूच आकडा सांगितला. "किती?" मी पुन्हा सांगितला. "मोठ्यानं सांग ना!" मग मी पोटातून ओरडले, "फिजिक्स अडतीस!" चाळणीवर बसलेल्या चारही बायांनी माना वर केल्या. त्यातली एक म्हणाली, "अडतीस किलो काय गो?" अण्णांनी बोटांतला पोहा परत पोत्यात टाकला. त्यांनी मला डॉक्टर करायचं ठरवलं होतं आणि ते भाताच्या सगळ्या व्यापाऱ्यांना सांगूनही झालं होतं. म्हणजे माल तयार व्हायच्या आधीच विकून बसले होते बिचारे. दुसऱ्या दिवसापासून मला पोत्यांची तोंडं शिवायला बसवण्यात आलं.

त्यातून माझी सुटका केली ती रोह्याच्या काकांच्या गुडघ्यानं. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. कंपनीत ऑपरेटर, अंगानं भरभक्कम, आवाज भोंग्यासारखा. उन्हाळ्यात नागोठण्याजवळच्या त्यांच्या गावी जत्रेत 'लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे' असा कबड्डीचा सामना ठेवला होता. काका तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे. पोरांनी नको म्हणून सांगितलं, मावशीनं डोळे वटारले, तरी हे चड्डी घालून मैदानात. पहिल्याच चढाईत बिनलग्नाच्या पाचजणांनी त्यांना धरलं आणि गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, तार घातली, पाय दीड महिना प्लास्टरमध्ये राहिला आणि प्लास्टर निघालं तेव्हा गुडघा वाकायलाच तयार नाही. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगा शिकायला नाशिकला, दिवसभर घरी कुणी नाही. तिचा निरोप आला: जयूला पाठव, तशी रिकामीच आहे. त्या 'तशी रिकामीच आहे'चा राग येण्याइतपतही माझी पत तेव्हा उरली नव्हती. कपड्यांची पिशवी आणि पाच किलो पोहे घेऊन मी गाडीत बसले.

रोह्याचं घर मला आवडायचं, कारण तिथं पोहे नव्हते. मावशीच्या हातचं वालाचं बिरडं, तव्यावर भाजलेलं सुकट, तांदळाची भाकरी. दूर कंपनीचा भोंगा वाजला की काका कॉटवर पडल्या पडल्या सांगायचे, "सेकंड शिफ्ट गेली." त्यांची स्वतःची शिफ्ट तीन महिने गेली नव्हती. त्यांना शिड्या चढून टाकीवर जायचं काम होतं. पाय वाकला नाही तर गेटवर रजिस्टर घेऊन बसवतील, आणि गेटवर बसणाऱ्यांना काकांनी आयुष्यभर नावं ठेवलेली. त्यामुळे ते सतत तापलेले असत. चहा गार, पंखा हळू, मी मंद.

मंगळवारी आणि शुक्रवारी अलिबागहून एसटीनं एक मॅडम यायच्या. मृणाल मॅडम. वयानं माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील, उंचीनं माझ्या खांद्याला. फिजिओथेरपी हा शब्द मी त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकला. पहिल्या दिवशी त्यांनी कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब हात लावावेत तसं एक प्लास्टिकचं यंत्र काढलं, काकांच्या गुडघ्याला लावलं आणि म्हणाल्या, "चाळीस अंश." मग काकांना कॉटच्या कडेला बसवून, पाय खाली सोडायला लावून त्यांनी पोटरीवर हात ठेवला. पुढच्या पाच मिनिटांत कंपनीच्या युनियनमध्ये ज्यांना सगळे टरकून असायचे ते आमचे काका आईच्या नावानं हाका मारत होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "छान. अजून पाच मोजू." आणि निघताना काकांनी हात जोडून त्यांचे आभार मानले, वर मला बजावलं, "मॅडमना चहा दे, आलं घालून."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं बघितलं. माझ्या मनात त्या क्षणी रुग्णसेवा, करुणा वगैरे काही आलं असेल असं कुणाला वाटत असेल तर तो त्यांचा चांगुलपणा. माझ्या मनात आलं, हे कसलं झकास काम आहे! मोठ्या मोठ्या पुरुषांना रडवायचं आणि वर त्यांनीच आपल्याला चहा द्यायचा.

बाकीच्या दिवशी व्यायाम करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. गरम पाण्याचा शेक, मग गुळगुळीत फळीवर पावडर टाकून त्यावरून टाच मागे ओढायची, मग पाय लोंबकळवून वाकवायचा. पावडर मावशीची तोंडाला लावायची होती. एका महिन्यात दोन डबे संपले आणि काकांच्या टाचेला मोगऱ्याचा वास यायला लागला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात अंश लिहायची. बावन्न, साठ, त्रेसष्ट. गणिताच्या वहीत माझा एकही कोन कधी बरोबर आला नव्हता, पण हे मी चोख मोजायची. काका मला कसाईण म्हणायचे. मला ते फार आवडायचं.

आकडा नव्वदच्या आसपास अडकला. आठवडा गेला तरी हलेना. एका दुपारी काका म्हणाले, "बस्स झालं. आजपास्नं बंद." मी म्हटलं, "थोडक्यासाठी रडता काय? बायकांसारखे रडता." हे वाक्य मी एक बाई असून बोलले, हे मला कितीतरी वर्षांनी जाणवलं. काकांनी उशी फेकून मारली. मी ती चुकवली आणि हसले. मग बघते तर ते खरंच रडत होते, पाय न वाकवता.

"तुला काय वाटतं, मी दुखण्याला भितो?" ते म्हणाले. "तुझी मावशी रोज सकाळी ती बादली नेते गो. तीच बाई मग आंघोळ करून शाळेत जाते, पोरांना शिकवायला. गावात बाई-बाई म्हणून लोक नमस्कार करतात तिला."

ती बादली म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. काकांना उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून सुताराकडून एका लाकडी खुर्चीला भोक पाडून घेतलं होतं आणि त्याखाली बादली ठेवायची. काका तिला सिंहासन म्हणायचे, मावशीही हसायची, म्हणून मला तो विनोदच वाटत आला होता. मी एकदाही ती बादली उचलली नव्हती. ती वेळ साधून मी झोपलेली असायची.

"किती वाकला म्हणजे बसता येईल?" मी विचारलं.

"मॅडम म्हणाल्या, एकशे वीस तरी पायजे."

त्या दिवसापासून आम्ही दोघांनी कंपनी, शिडी, सगळं बाजूला ठेवलं. कॅलेंडरच्या खाली मी मोठ्या अक्षरात १२० लिहिलं. मावशीनं विचारलं हे काय, तर काका म्हणाले, "स्पीड." दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले आणि बादली नेली. मावशीनं चहाबरोबर मला दोन बिस्किटं जास्त दिली. रडवण्यातली मजा मात्र थोडी कमी झाली. संपली असं नाही म्हणणार.

एका रविवारी मावशी मासळी आणायला बाजारात गेली होती आणि मी कांदा चिरत होते. आदल्या दिवशी आकडा एकशे सोळा होता. अचानक मागच्या बाजूनं भोंगा वाजला, "जयूऽऽ! बसलो गो, बसलो!"

मी सुरी टाकून परसात धावले. संडासाचं पत्र्याचं दार आतून बंद. चार अंश कमी असतानाच हा माणूस काठी टेकत गुपचूप जाऊन बसला होता. मी दाराबाहेर टाळ्या वाजवल्या. शेजारच्या सुमनवहिनी कुंपणाशी आल्या, त्यांनीही कशासाठी ते न विचारता वाजवल्या. मग आतून नुसती खुडबुड. मग एकदम बारीक, मी कधीच न ऐकलेला आवाज.

"जयू, उठता येत नाय."

तारेनं जोडलेली वाटी, ओली फरशी, आणि आत तो नव्वद किलोंचा माणूस. पडला तर संपलंच सगळं. सुमनवहिनी म्हणाल्या, "थांब, कोयता आणते, दारच तोडू." आतून काका ओरडले, "दार तोडू नका! मी उघडा हाय!"

"काका, बादली हाय का आत?" मी विचारलं.

"हाय. भरलेली."

"ओता सगळी. मग पालथी घाला नि मागनं सरकवून घ्या. हळूच बूड टेका तिच्यावर."

पाण्याचा लोट दाराखालून माझ्या पायावर आला. मग खरखर, मग एक शिवी, मग बादलीचा कर्र आवाज. लोखंडी होती म्हणून वाचलो. "टेकलो," काका म्हणाले. "आता चांगला पाय पोटाशी घ्या, दुखरा पुढं सोडा, एक हात नळाला, एक भिंतीला, नि चांगल्या पायावर जोर देऊन उठा. घाई नको." मी बाहेर उभी राहून, काकांच्या जागी मीच आत असल्यासारखी, नळ नसलेल्या हवेत नळ धरून उठून दाखवत होते. सुमनवहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. दोन मिनिटांनी कडी निघाली. काका घामानं निथळत, लुंगी उलटीसुलटी गुंडाळून बाहेर आले आणि म्हणाले, "मावशीला सांगायचं नाय." वहिनींनी हे कुंपणावरून ऐकलं, म्हणजे मावशी बाजारातून निघायच्या आतच तिला कळलेलं होतं.

मंगळवारी मृणाल मॅडम इतक्या चिडल्या की मला वाटलं त्या आता परत येतच नाहीत. "वाटी पुन्हा फुटली असती तर? कोणी सांगितलं बसायला?" काकांनी शाळेतल्या मुलासारखं माझ्याकडे बोट दाखवलं. मग गुडघा तपासून झाल्यावर, यंत्र पिशवीत टाकता टाकता त्यांनी विचारलं, "बादलीचं कुणी सुचवलं?" काकांनी पुन्हा माझ्याकडे बोट दाखवलं, या वेळी खुषीत. मॅडमनी मला बारावीचे मार्क विचारले. मी जमिनीकडे बघून सांगितले.

"तिन्ही मिळून एकशे बावन्न," त्या म्हणाल्या. "फिजिओला दीडशे लागतात. बसतेस की! घाटावर एक नवीन कॉलेज निघालंय, तिथं मुलाखत घेतात. चांगली मुलं तिकडे अजून फिरकत नाहीत. माझे पण काही फार नव्हते."

अण्णांना पटवायला मी पेणला गेले. त्यांनी यंत्राजवळ सगळं ऐकून घेतलं. "फिजिओ म्हंजे फिजिक्सच ना?"

"नाय अण्णा, वेगळं."

"मग तिथं करतात काय?"

"गुडघे वाकवतात."

"चार वर्षं?" अण्णा म्हणाले. चाळणीवरच्या बायांनाही ते जरा जास्तच वाटलं. पण अण्णांनी धुतलेला सदरा काढला आणि मुलाखतीच्या दिवशी पहाटेच्या एसटीला माझ्याबरोबर आले.

कॉलेज म्हणजे एक अर्धवट रंगवलेली इमारत होती. बाहेरच्या बाकांवर मुलं-मुली फायली मांडीवर घेऊन पुटपुटत होती. माझ्या शेजारच्या मुलीनं मला मदत म्हणून सांगितलं, "का यायचंय विचारलं की समाजसेवा म्हणायचं." माझी पाळी येईपर्यंत आतल्या लोकांनी समाजसेवा इतक्या वेळा ऐकली होती की एकजण डुलक्या घेत होते. दुसरे टायवाले सर माझी गुणपत्रिका दोन बोटांत धरून म्हणाले, "फिजिक्स अडतीस. इथं कशासाठी आलात?" तिसऱ्या प्राचार्यबाई होत्या, केस सगळे पांढरे.

मला समाजसेवा म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि निघालं ते, "सर, आमच्या काकांना संडासात उकिडवं बसता येत नव्हतं."

डुलकीवाले जागे झाले. माझा आवाज गिरणीतला, त्यामुळे बाहेरच्या बाकांवरही पोचलं असणार. आता मागे फिरणं शक्य नव्हतं, म्हणून मी सगळंच सांगितलं. सिंहासन, १२०, रविवार, बादली. टायवाल्या सरांनी रुमाल तोंडावर धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. प्राचार्यबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "यात चूक कुणाची झाली?"

"माझी," मी म्हटलं. "काकांनी घाई केली हे खरं, पण मी नुसतं वाकवत बसले. उठायला मांडीत जोर लागतो, तो मी कधी बघितलाच नाही. आधी उठायला शिकवायला हवं होतं, मग बसायला."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "या तुम्ही."

बाहेर अण्णांनी विचारलं, "काय विचारलं?" मी म्हटलं, "संडासाचं." घाट उतरून खोपोली मागे पडल्यावर अण्णा म्हणाले, "एवढ्या लांब बोलावून?"

मी परत रोह्याला गेले, कारण आता मांडीत जोर आणायचा होता. गौरी-गणपती झाले, काका काठीशिवाय चालायला लागले, आणि पुढं दिवाळीनंतर ते कामावरही गेले, शिडीवरच, गेटवर नव्हे. त्यांनी मग निवृत्त होईपर्यंत टाक्या चढल्या. पण त्याआधीची, सप्टेंबरातली एक दुपार सांगायची राहिली. सुमनवहिनींच्या घरी फोन होता. त्या कुंपणावरून ओरडल्या, "जयू, पेणवरनं तुझे वडील!" मी धावले. अण्णा गिरणीसमोरच्या दुकानातून बोलत होते.

"कॉलेजचं पत्र आलंय. इंग्लिशमधे हाय. मी अक्षरं सांगतो, तू जुळव." आणि ते सांगायला लागले, पोती मोजावीत तसे, एकेक. वाय, ओ, यू. ए, आर, ई. मग एक मोठ्ठा शब्द, पी पासून सुरू होऊन संपेचना. तो मी पेन्सिलीनं वहिनींच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतला, मला तो येत नव्हता. हा नकारच असणार असं मला वाटलं, कारण नाही म्हणायला लोक लांब शब्द वापरतात. मग अण्णा म्हणाले, "ए, डी, एम, आय, टी, टी, ई, डी."

"ॲडमिट!" मी किंचाळले. "अण्णा, ॲडमिट!" आणि मला जे रडू फुटलं ते आवरेना. तेवढ्यात फोन कट झाला. वहिनी दारातच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंडाला पदर लावला आणि चपला न घालताच बाहेर पळाल्या.

मी तो लांब शब्द हातावर उतरवून घेतला आणि घरी जाऊन काकांना दाखवला. त्यांनी मुलाची जुनी डिक्शनरी काढली आणि बोट फिरवत वाचलं, "प्रोव्हिजनल... तात्पुरता." माझा चेहरा पडला. काका म्हणाले, "तात्पुरतं तर तात्पुरतं गो. मला कंपनीनं घेतलं तेव्हा तीन महिन्यांसाठी घेतलेलं. बावीस वर्षं झाली."

मावशी शाळेतून आली, तिला सांगितलं, तिनं देवापुढे साखर ठेवली. चहा गाळत होती तोवर दारात सुमनवहिनी, त्यांच्या सासूबाई आणि गल्लीतल्या आणखी दोघीजणी उभ्या. एकीच्या हातात थर्मास, एकीच्या हातात झाकणाचा डबा. सगळ्यांचे चेहरे उतरलेले.

"काय झालं गो तुझ्या मेव्हण्यांना?" वहिनींच्या सासूबाईंनी मावशीला जवळ घेत विचारलं. "यंत्रात हात गेला काय? कुठल्या दवाखान्यात ॲडमिट केलंय?"

मावशीनं तीनदा समजावून सांगितलं. त्यांना पटेना. चांगली धडधाकट पोरगी ॲडमिट होते आणि घरातले हसतात, हे कुणाला पटेल? शेवटी वहिनींनी डबा पुढे केला. आत मऊ भाताची पेज होती, अजून वाफ निघणारी, वर तूप, बाजूला लिंबाचं लोणचं. "आता आणलीच हाय तर कुणीतरी खावा," त्या म्हणाल्या.

काका म्हणाले, "जिला ॲडमिट केलंय तिला द्या." मी कॉटच्या कडेला बसले आणि चौघीजणी समोर उभ्या राहून बघत असताना ती सगळीच्या सगळी पेज संपवली.